बीजाभोवतीची पानगळ

पेशी दुभंगून वाढतात कशा, हे जगाला दाखविणाऱ्या वॉल्टर फ्लेमिंग यांचे नाव जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. परंतु त्यांनीच १८८५ साली सशाच्या अंडाशयात पेशी मरतात कशा, हेही पाहून ठेविले होते, याची आठवण फारशी कोणी ठेविली नाही. स्त्रीबीज पुटकात असते व त्याला पोसणाऱ्या लहान पेशींचे दाट वेष्टन भोवती असते. मोडकळीस आलेल्या पुटकांत या पेशींच्या केंद्रकांचे तुकडे होताना फ्लेमिंगना दिसले. पुढे १९७२ साली केर, वायली व करी यांनी अशा शिस्तबद्ध मरणास ‘अपॉप्टोसिस’ म्हटले. ग्रीक भाषेत याचा अर्थ पानगळ. विज्ञानात इतके सुंदर नाव क्वचितच मिळते!

श्रोतेहो, या मरणाचा अपत्यजन्माशी संबंध काय, असे आपण विचाराल. मुलगी जन्मते तेव्हा तिच्यापाशी दहा-वीस लाख बीजे असतात; पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. दर महिन्यास काही पुटके एकदम वाढू लागतात, त्यांतले बहुधा एकच तगते. संप्रेरकाचा पुरवठा घटताच इतरांतील पोशिंद्या पेशी गळतात व बीजही जाते. वंध्यत्वावरील उपचारात इंजेक्शने देतात ती ही गळती थोपविण्यासाठी. त्यामुळे साठा लवकर संपेल, ही अनेक स्त्रियांची भीती निराधार आहे. वाचविलेली बीजे त्या महिन्यात जाणारीच होती.

मौज अशी, की इंग्लंडमध्ये १९७८ च्या जुलैत जन्मलेली लुईज ब्राउन इंजेक्शनांवाचून मिळालेल्या एकाच बीजाची. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात जन्मलेल्या दुर्गेसाठी मात्र डॉ. सुभाष मुखर्जींनी इंजेक्शने देऊन अधिक बीजे मिळविली होती. पुढे जगाने हीच वाट धरली. पण सरकारी समितीने त्यांचे म्हणणे खोटे ठरविले, आणि १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी जीवन संपविले.

१९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षा जन्मली, आणि देशातील पहिलेपणाचा मान तिला मिळाला. याच आनंद कुमारांनी १९९७ साली मुखर्जींची टिपणे तपासली आणि तो मान दुर्गेचा आहे, असे स्वतः लिहून प्रसिद्ध केले.