तळटीप १२ : लाओ-त्झूची ‘तीन रत्ने’

१२. करुणा, काटकसर आणि इतरांच्या पुढे न धावणे. ‘ताओ ते चिंग’च्या ८१ प्रकरणांपैकी ६७व्यात ही येतात, बौद्धांच्या त्रिरत्नांशी (बुद्ध, धम्म, संघ) यांचा संबंध नाही. पुढच्या ओळीतला हावेविषयीचा विचार मात्र ४६व्या प्रकरणातला. तिथे आधी शेतात राबणारे घोडे येतात, मग सीमेवर पोसलेले लढाईचे घोडे, आणि त्यानंतर ‘पुरे’ न कळण्याचे संकट. म्हणजे रोख आहे तो मुलूख वाढवू पाहणाऱ्या राजांवर. हा उपदेश निव्वळ घरखर्चापुरता वाचणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. चांग्शाजवळ १९७३ मध्ये उघडलेल्या, इ.स.पू. १६८च्या थडग्यातील रेशमी प्रतींत दोन्ही प्रकरणे आहेत.