कृष्णेचं पाणी मोजताना कोणती वर्षं धरायची?

(हुपरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, हुपरीत टंच काढल्याशिवाय चांदीचा व्यवहार होत नाही. आज आपण एका आकड्याचा टंच काढू. आकडा आहे २०६० टीएमसी. कृष्णेत भरवशाचं पाणी किती, या प्रश्नाला बच्छावत लवादानं १९७३ साली दिलेलं हे उत्तर. त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. आपल्या उत्तरेला पंचगंगा, दक्षिणेला दूधगंगा, आणि दोन्ही कृष्णेलाच मिळतात. म्हणजे इथल्या उसाचं पाणीसुद्धा याच हिशोबातलं.

हा आकडा आला कुठून? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी विजयवाड्याला कृष्णेवर बंधारा बांधला. तिथून किती पाणी जातं, याच्या नोंदी राहिल्या. लवादानं १८९४-९५ ते १९७१-७२ अशी ७८ वर्षं घेतली. पाण्याचं वर्ष जून ते मे असं धरतात. वरच्या भागात जे वापरलं गेलं, ते त्यात मिळवलं. मग सगळी वर्षं जास्तीकडून कमीकडे ओळीनं लावली आणि चारांतली तीन वर्षं निदान एवढं पाणी मिळतंच, तो आकडा धरला. यालाच ७५ टक्के विश्वासार्हता म्हणतात. सरासरी का नाही घेतली? कारण एका महापुरानं सरासरी फुगते, पण साठवलं नाही तर ते पाणी पुढच्या उन्हाळ्यात मोटारीला लागत नाही.

पुढे ब्रिजेशकुमार लवाद आला. त्यानं २०१० च्या निर्णयात १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षं घेतली. त्याच ७५ टक्क्यांना उत्तर आलं २१७३. नदी तीच, पद्धत तीच, फरक ११३ टीएमसीचा! राधानगरीसारखी तेरा धरणं भरतील एवढा. शिवाय या लवादानं काही पाणी ६५ टक्के विश्वासार्हतेनं वाटायचं ठरवलं. तो आकडा २२९३. आंध्रनं हरकत घेतली, की जुनी वर्षं का गाळली?

जुन्या मोजणीच्या अचूकतेबद्दल शंका घेता येतात, हे खरंच. पण वर्षं गाळली की काय गळतं ते बघा. पहिल्या यादीत १८९९ चा आणि १९१८ चा दुष्काळ आहे, पण १९७२ चा नाही, कारण यादी त्याच्या तोंडाशी संपते. दुसऱ्या यादीत १९७२ आहे, पण आधीचे दोन्ही नाहीत. आणि २०१५ चा दुष्काळ, ज्यात पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं? तो दोन्हींत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूरही नाहीत. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर होती; धोक्याची पातळी ४३.

असाच घोळ अमेरिकेत झाला. कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ च्या करारानं वाटलं, ते थोड्या वर्षांच्या नोंदींवर. पुढं झाडांच्या खोडातली वर्षवलयं मोजून शेकडो वर्षांचा अंदाज काढला, तेव्हा कळलं की ती वर्षं नेमकी जास्त पावसाची होती. जे पाणी नदीत नेहमी नसतं, तेही वाटून झालं होतं. आपल्याकडं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागवानाच्या वलयांवर असं काम झालंय.

शाहू महाराजांकडं वलयं नव्हती, ४७ वर्षांचे आकडे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे दुष्काळ डोळ्यांपुढं होते. त्यांनी १९०२ मध्ये पाटबंधाऱ्यांचं धोरण आखलं आणि पुढं भोगावतीवर राधानगरीचं काम सुरू केलं. त्यांनी चांगलं वर्ष नाही, वाईट वर्ष प्रमाण धरलं.

आता कोणी म्हणेल, हवामानच बदलतंय, मग जुन्या वह्यांचा उपयोग काय? उपयोग आहे. पुढचा पाऊस त्या सांगणार नाहीत. पण या खोऱ्यात किती वाईट होऊ शकतं, हे त्या सांगतात, आणि तेवढं तरी आधी झालेलंच आहे. म्हणून उपसा योजना असो, ऊस असो, नगरपरिषदेचं पाणी असो, दोन प्रश्न विचारा: हा आकडा कोणत्या वर्षांवरून काढला? आणि त्याच्याहून वाईट वर्ष आलं, तर आधी कोणाचं पाणी तुटणार? दुसऱ्याचं उत्तर दुष्काळ पडल्यावर शोधायचं नसतं. ते बंधाऱ्याला बरगे घालतानाच ठरलेलं असावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.