गाडीच्या दाराचें अस्तर

मराठी घरांत 'रेक्झीन' हा शब्द इतका रुळला आहे, कीं तें मुळांत एका इंग्रजी मालाचें व्यापारी नांव होतें याची आठवण फारशी कोणास राहिलेली नाहीं. मुलांचीं दप्तरें, जमाखर्चाच्या वह्यांचीं वेष्टनें, न्हाव्याच्या दुकानांतील खुर्ची आणि मोटारीच्या दाराचें आंतील अस्तर या साऱ्यांस आपण रेक्झीनच म्हणतों. यांपैकीं दाराच्या अस्तराचा इतिहास आम्ही येथें वाचकांपुढें मांडणार आहों. विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल. परंतु वस्तु बिघडली असतां ती आपल्या हातीं उघडतां येते कीं नाहीं, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे, आणि त्याचें उत्तर या अस्तरावर स्पष्ट उमटलेलें आहे.

मोटार ही घोडागाडीची वारस होय. इंग्लंडांत गाडी बांधण्याचें काम अनेक कारागिरांत वांटलेलें असे. सुतार सांगाडा उभारी, लोहार कमानी व धांवा करी, रंगारी थरावर थर चढवी, आणि गाडीचा आंतला भाग मढविण्याचें काम एका निराळ्याच कारागिराकडे असे. स्वतः या धंद्यांतील विल्यम ब्रिजिस ॲडम्स यानें १८३७ सालीं घोडागाड्यांवर एक संबंध ग्रंथ लिहिला, यावरून त्या धंद्याची प्रतिष्ठा ध्यानांत येईल. मढविणारा कारागीर कातडें किंवा लोंकरी कापड ताणून बसवी, गाद्यांत घोड्याचे केस भरी आणि खिळ्यांचीं डोकीं विणलेल्या फितीखालीं झांकी. बंद गाडीच्या दाराची कांच रुंद पट्ट्यानें वर ओढीत. पट्टा सोडला म्हणजे ती दाराच्या पोटांत उतरे. अर्थात् दार पोकळ ठेवणें प्राप्त झालें. बाहेर फळी, आंत अस्तर व मध्यें कांचेस जागा. मोटारीच्या दाराची रचना ती हीच.

प्रारंभीच्या पुष्कळ मोटारी उघड्या असत. पुढें अमेरिकेंत बंद मोटारींचें प्रमाण झपाट्यानें वाढलें. १९२४ सालीं शेंकडा ४३ असलेलें तें प्रमाण १९२७ सालीं शेंकडा ८५ झालें. बंद गाडी आंतून सर्व बाजूंनीं मढवावी लागते, आणि कातडें तर महाग. शिवाय प्रत्येक जनावराच्या कातड्याचा आकार निराळा व त्यावरील डाग निराळे. एकसारखा माल मागणाऱ्या कारखान्यास तें कसें परवडावें?

ही अडचण रसायनशास्त्रानें दूर केली. बाझल येथील शोनबाइन यानें १८४६ सालीं कापसावर नत्राम्लाची क्रिया करून स्फोटक कापूस प्रसिद्धीस आणला. याच द्रव्याचा सौम्य प्रकार विरघळवून, एरंडेलानें मऊ करून सुती कापडावर थापला व त्यावर कातड्याच्या रव्याचा ठसा उमटविला, कीं नकली कातडें तयार होई. मॅंचेस्टरजवळील हाइड येथें निघणारें रेक्झीन तें हेंच. अमेरिकेंत बंदुकीच्या दारूचा मोठा व्यापार करणाऱ्या ड्यू पॉंट कंपनीनें १९१० सालीं 'फॅब्रिकॉइड' हें नकली कातडें करणारी कंपनी विकत घेतली. दारूचें गिऱ्हाईक कमी झालें तर तोच माल खपविण्यास दुसरी वाट असावी, हा तींतील हेतु. रणांगणावरील द्रव्य असें घरच्या गाडींत येऊन बसलें! १९२४ सालीं विल्यम मेसन यानें लांकडाच्या टाकाऊ ढलप्या वाफेनें फोडून त्यांच्या तंतूंची घट्ट फळी केली; असल्या फळ्या दाराच्या अस्तरामागें बसूं लागल्या. १९२६ सालीं वाल्डो सेमन यानें विनाइल मऊ करण्याची युक्ति शोधली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विनाइलनें जुन्या रेक्झीनची जागा घेतली. आपण मात्र नांव तेंच ठेवलें.

पदार्थ असे बदलले, तरी फळीवर कापड ताणून मागें दुमडावयाचें ही कारागिराची रीत पुष्कळ काळ टिकली. आपल्याकडे कुर्ल्यास निघणारी फियाट, जिला पुढें प्रीमियर पद्मिनी हें नांव मिळालें, आणि २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथें निघालेली ॲम्बॅसॅडर या त्याच जातीच्या गाड्या. त्यांचीं अस्तरें कोणताही कुशनवाला बदलून देई, आणि चिकाटीचा गृहस्थ तें काम घरींही करूं शके. कांचेचा दांडा व हातटेकू काढावा, कडेच्या स्प्रिंगच्या चापांखालीं रुंद पातें सरकवून फळी अलगद उचकटावी. जुनी फळी फेंकूं नये. नवी कापण्यास तोच नमुना. गोंद फळीस व कापडास दोहोंस लावावा, तो हातास चिकटेनासा झाला म्हणजे मगच जोडावें, आणि मध्यापासून कडांकडे ताणीत जावें. वळणावर मागच्या दुमडीस चिरा द्याव्या, म्हणजे चुण्या पडत नाहींत.

तथापि खरी मेख निराळीच आहे. अस्तर वापरानें फाटतें, त्याहून अधिक तें पाण्यानें नासतें. पावसाचें पाणी कांचेच्या कडेनें दाराच्या पोटांत शिरतेंच. तें खालच्या भोकांनीं वाहून जावें अशी योजना असते, आणि फळीस ओल लागूं नये म्हणून मागें डांबरी कागद किंवा प्लास्टिक लाविलेलें असतें. भोकें तुंबलीं अथवा कागद फाटला, कीं फळी फुगते. हें न पाहतां नवें कापड चढविणें म्हणजे ओल्या भिंतीस चुना लावणें होय. दार उघडून पाहणाऱ्यासच हें कारण दिसतें; आणि कारण दिसणें हाच दुरुस्तीचा खरा लाभ, असें आम्हांस वाटतें.

आतां काळ पालटला आहे. विनाइल उष्णतेनें सांधून शिलाईचा केवळ भास उमटविणारीं यंत्रें प्रथम आलीं; पुढें सारें अस्तर एकाच सांच्यांतून ओतून निघूं लागलें. कित्येक गाड्यांच्या दारांत आतां विजेच्या तारांचें जाळें असतें, कांहींत अपघाताच्या वेळीं फुगणारी पिशवीही असते. तेथें अजाण हात घालणें धोक्याचें. या नव्या रचनेनें गाडी स्वस्त झाली व माणसाच्या जिवास अधिक संरक्षण मिळालें, हें नाकबूल करणें अन्यायाचें होईल. परंतु पूर्वी फाटलेलें कापड बदलत, आतां चिरलेलें सबंध अस्तर बदलावें लागतें, आणि तें कोठें मिळेल व किती काळ मिळेल हें कारखानदार ठरवितो. आमच्या सरकारनें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली व तींत मोटारींचाही समावेश केला, तो याच चिंतेनें.

ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिच्याबरोबर पुष्कळ कुशनवाल्यांचें एक मोठें गिऱ्हाईक गेलें. गाडी गेली याचा शोक आम्ही करीत नाहीं. यंत्रें जुनीं होतात, हा त्यांचा धर्मच आहे. पण ज्याच्या मालकीची वस्तु, त्यास ती उघडून पाहतां यावी, हा जुन्या गाडीवाल्यांच्या कामांत सहज पाळला गेलेला नियम नव्या वस्तूंतही पाळला जावा, एवढें मागणें मात्र सुशिक्षित गिऱ्हाइकानें सोडूं नये. विकत घेतांना रंग व किंमत विचारण्याची आपणांस संवय आहेच, "हें उघडतें कसें?" हा प्रश्नही त्याबरोबर विचारावा.