चुंगकिंगहून हाँगकाँगास : परदेशी वार्ताहरांच्या एका मंडळाचें स्थलांतर

संस्थेचें वय तिच्या वास्तूवरून ठरवूं नये, हा नियम आमच्या वाचकांस नवा नाहीं. हाँगकाँग येथील परदेशी वार्ताहरांचा क्लब हें त्याचें ठळक उदाहरण होय. लोअर आल्बर्ट रोडवरील त्याची इमारत १८९२ ची; परंतु ती बांधली गेली एका दुग्धालय कंपनीच्या शीतगृहाकरितां. क्लब तींत राहावयास आला तो १९८२ सालीं.

त्याचा जन्म मात्र १९४३ सालीं चुंगकिंग येथें झाला. जपानी आक्रमणामुळें चीनच्या राष्ट्रवादी सरकारची राजधानी त्या वेळीं तेथें होती. परदेशी वार्ताहरांपैकीं पुष्कळ जण सरकारी प्रसारखात्याच्या वसतिगृहांत उतरत, आणि त्यांच्या तारांवर सरकारचीच तपासणी असे. यजमान तोच, व लेखणीवर पहारा ठेवणाराहि तोच! अशा स्थितींत एकमेकांशीं मोकळेपणानें बोलावयास स्वतःची बैठक असणें किती अगत्याचें, हें सांगणें नको. युद्धानंतर मंडळ शांघायास ब्रॉडवे मॅन्शन्सच्या वरच्या मजल्यांवर नांदलें. १९४९ च्या मे महिन्यांत साम्यवादी सैन्यानें तें शहर घेतलें, आणि त्याच वर्षीं मंडळ हाँगकाँगास आलें.

देहलीवरील दीप घरांत व अंगणांत सारखाच उजेड देतो. परंतु वाराहि त्यालाच प्रथम लागतो. १९१८ नव्हे, २०१८ ची गोष्ट : ऑगस्टांत हाँगकाँगच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या अँडी चॅन यांचें भाषण ठेवूं नये, असें चीनच्या परराष्ट्रखात्यानें सुचविलें असतां क्लबानें तें ठेवलें. सभेचे सूत्रधार, उपाध्यक्ष व्हिक्टर मॅलेट, यांचा परवाना ऑक्टोबरांत नव्यानें देण्याचें नाकारण्यांत आलें. पुढें २०२२ सालीं मानवी हक्कांविषयींचीं पत्रकारितेचीं पारितोषिकें क्लबानें स्वतःच स्थगित केलीं.

१९८२ ची वास्तूहि सरकारच्याच मालकीची, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. चुंगकिंगचें वसतिगृह आठवावें, म्हणजे मंडळानें चार दशकांत किती प्रवास केला आणि किती थोडा, हें उमगेल.

पोथी तपासतांना खोडलेलीं अक्षरें आपण लिहिलेल्यांइतकींच जपून टिपतों. या मंडळाचा इतिहास लिहिणारानेंहि झालेल्या सभांबरोबर न झालेल्यांची नोंद ठेवावी, अशी आमची विनंति आहे.