तिरंग्याचा अर्थ विचारताना आधी साल विचारा

"केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी." शाळेत हे आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. आता रिसर्चला येताय, तर याच वाक्याला एक साधा प्रश्न विचारा: हा अर्थ कुणी सांगितला आणि कोणत्या साली?

पहिला मुक्काम १९२१. काँग्रेसच्या बेझवाड्याच्या बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना ध्वजाचा नमुना दिला. त्यात पांढऱ्या रंगाची भर पडली आणि पांढरा, हिरवा, लाल असे पट्टे व वर चरखा असा ध्वज झाला. गांधीजींनी तेव्हा दिलेला अर्थ सरळ होता. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सगळ्या धर्मांचा. म्हणजे रंग माणसांच्या समूहांचे होते.

इथेच वाद सुरू झाला. शीख नेत्यांनी विचारलं, मग आमचा रंग कुठाय? रंग समूहाचा म्हटला की यादी कधी संपतच नाही.

म्हणून १९३१ मध्ये कराचीत काँग्रेसने सात जणांची ध्वज समिती नेमली. पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या आणि आपल्या भागाशी नातं असलेले दोघं : साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. हायवेवर कोल्हापूरच्या एका अंगाला सातारा, दुसऱ्या अंगाला हुबळी! समितीने प्रांतांकडून मतं मागवली आणि शिफारस केली ती एकाच केशरी रंगाच्या ध्वजाची, कोपऱ्यात चरखा. काँग्रेसने ती मानली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरला. पण त्याबरोबर एक वाक्यही आलं : या रंगांना जातीय अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा. रंग जवळपास तेच राहिले, अर्थ मात्र समूहांवरून गुणांवर गेला.

तिसरा मुक्काम २२ जुलै १९४७, संविधान सभा. गंमत अशी, की नेहरूंनी मांडलेल्या ठरावात रंगांचा अर्थच नाही. रंग, २:३ हे प्रमाण आणि चरख्याचं प्रतीक म्हणून सारनाथच्या स्तंभावरचं चक्र, एवढंच आहे. अर्थ सभेतल्या भाषणांतून आला. राधाकृष्णन यांनी केशरीत निःस्वार्थ वृत्ती पाहिली, पांढऱ्यात प्रकाश आणि सत्याचा मार्ग, हिरव्यात माती आणि वनस्पतींशी असलेलं आपलं नातं.

आपण सायन्सवाले सॅम्पलच्या बाटलीवर तारीख लिहिल्याशिवाय ती फ्रिजमध्ये ठेवत नाही. प्रतीकाचंही तसंच आहे. तारीख नसलेला अर्थ म्हणजे लेबल नसलेली बाटली.

तारखेसोबत "कुणासाठी?" हेही विचारायचं. त्यासाठी व्हिएतनाम बघा. पिवळ्या ताऱ्याचा लाल ध्वज १९४० च्या दक्षिणेतल्या उठावात पुढे आला आणि आज तो राष्ट्रध्वज आहे. पिवळ्यावर तीन लाल पट्ट्यांचा ध्वज १९४८ चा. तो १९७५ पर्यंत दक्षिण व्हिएतनामचा होता. तीन पट्टे म्हणजे उत्तर, मध्य आणि दक्षिण, असं सांगतात. अमेरिकेत गेलेली अनेक कुटुंबं आजही तो आपला वारसा म्हणून लावतात, तर हनोईच्या लेखी तो पडलेल्या राजवटीचा. कापड एकच आहे.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९२१ चा अर्थ आजच्या ध्वजावर चिकटवून "हा रंग यांचा, तो त्यांचा" अशी भांडणं आजही होतात. तो अर्थ १९३१ मध्येच विचारपूर्वक बाजूला ठेवला होता, हे कागदोपत्री दाखवता येतं. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये "अमुक हे तमुकचं प्रतीक आहे" असं लिहाल, तेव्हा त्या वाक्यात तीन गोष्टी घाला : कुणी म्हटलं, कधी म्हटलं आणि कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून म्हटलं. गाईड पहिला लाल शेरा तिथेच मारतात.