दिनविशेष : २५ एप्रिल – फ्रँकलिन मोहिमेचा शोध

‘एरेबस’ व ‘टेरर’ ही बर्फात अडकलेली जहाजे सोडून १०५ जण निघत असल्याची नोंद सर जॉन फ्रँकलिन यांच्या आर्क्टिक मोहिमेतील अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १८४८ रोजी एका छापील कागदाच्या कडांवर दाटीने लिहिली. दगडांच्या राशीत ठेवलेला हा मोलाचा पुरावा १८५९ मध्ये सापडला, मात्र त्या १०५ जणांपैकी कोणीही परतले नाही. १८५० मध्ये ‘पायोनियर’ हे वाफेचे जहाज घेऊन त्यांना शोधण्यास गेलेले शेरार्ड ऑस्बोर्न हेही २५ एप्रिललाच, १८२२ मध्ये मद्रासला जन्मले. पुढे ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे एजंट, म्हणजे भारतातील प्रमुख अधिकारी, झाले. ध्रुवीय संशोधनासाठी अखेरपर्यंत झटलेले ऑस्बोर्न नवी ब्रिटिश मोहीम निघण्याच्या थोडेच दिवस आधी, मे १८७५ मध्ये, निवर्तले.