एक माणूस, चार पत्ते

समजा, वीस मित्रांचा एक ग्रुप आहे. प्रत्येकाचा एक ऑफिसचा ईमेल पत्ता, एक जीमेल, आणि कॉलेजच्या काळातलं एखादं याहू नाहीतर रेडिफ. म्हणजे माणसं वीस आणि पत्ते साठ. आता ग्रुपमध्ये ठेवायचं काय, वीस गोष्टी की साठ? साठ ठेवले तर एकच मेल एकाला तीनदा जाणार. वीस ठेवायचे तर प्रत्येकाचा कुठला पत्ता, हे कोण ठरवणार?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण ईमेलच्या जन्मापासून तो मागे लागलाय. त्याचं मूळ शोधायला १९७१ मध्ये जावं लागतं.

तोपर्यंत मेल जायची ती एकाच कॉम्प्युटरवरच्या दोन खात्यांमध्ये. मेलबॉक्स म्हणजे चक्क एक फाईल, आणि मेल पाठवणं म्हणजे त्या फाईलच्या शेवटी मजकूर चिकटवणं. बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये बीबीएन नावाच्या कंपनीत रे टॉमलिन्सननं १९७१ मध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पीडीपी-१० मशीन्समध्ये अर्पानेटवरून मेल पाठवून दाखवली. खात्याचं नाव आणि मशीनचं नाव वेगळं ठेवायला त्यानं @ निवडलं. आता नीट बघा: डावीकडे खातं, उजवीकडे मशीन. यात माणूस कुठेच नाही! पत्ता आहे तो पेटीचा. एकाच माणसाची दोन मशीन्सवर खाती असली, की मेलच्या लेखी ती दोन माणसं.

ग्रुपची गरजही लवकरच भासली. १९७५ मध्ये अर्पानेटवर मेलबद्दलच चर्चा करायला 'मेसेज ग्रुप' नावाची मेलिंग लिस्ट सुरू झाली. मेलचं स्वरूप ठरवणाऱ्या आरएफसी ८२२ (१९८२, लेखक डेव्ह क्रॉकर) या दस्तऐवजात तर ग्रुपसाठी वेगळं व्याकरणच आहे: आधी ग्रुपचं नाव, मग कोलन, मग स्वल्पविराम देत पत्ते, आणि शेवटी अर्धविराम. उदाहरणाला घेतलेला एक ग्रुप आहे खवय्यांचा :) हे व्याकरण अजूनही जिवंत आहे बरं का. बीसीसीनं आलेल्या मेलच्या माथ्यावर कधी कधी 'अनडिस्क्लोज्ड रेसिपियंट्स' असं दिसतं ना, तो याच पद्धतीचा रिकामा ग्रुप. नाव आहे, सदस्य शून्य. पण भरलेल्या ग्रुपातही पत्तेच असायचे, माणसं नव्हे.

१९८० च्या दशकात यूयूसीपीचं जाळं पसरलं आणि गोंधळ आणखी वाढला. टेलिफोनवरून एक मशीन दुसऱ्याला मेल देणार, दुसरं तिसऱ्याला. त्यामुळे पत्ता म्हणजे अक्षरशः वाट: मशीनांची नावं ओळीनं, मध्ये उद्गारचिन्हं, शेवटी खातं. तुम्ही कुठे उभे आहात त्यावर समोरच्याचा पत्ता बदलायचा. म्हणून लोक सहीखाली चार-पाच प्रसिद्ध मशीन्सची नावं महिरपी कंसात द्यायचे. अर्थ असा, की यांपैकी कुठेही पोचा, तिथून माझ्याकडे यायची वाट ही. आपल्याकडे १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेटची सुरुवातीची मेलसुद्धा अशीच टेलिफोनवरून यूयूसीपीनं चालायची.

डीएनएस आल्यावर, विशेषतः १९८६ च्या एमएक्स रेकॉर्डनंतर, पत्ता या वाटेतून सुटला. पण माणूस तरीही पेटीला बांधलेलाच राहिला. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या पत्त्यांत शहराचा सर्व्हर असायचा: पुण्याला 'पीएन', मुंबईला 'बीएम'. पुण्याचं खातं सोडून मुंबईला नवं घेतलं, की घराच्या पत्त्याबरोबर ईमेलचाही बदलला.

इथे या कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. सुरुवातीच्या लिस्टवर नाव घालायचं किंवा पत्ता बदलायचा, तर लिस्ट सांभाळणाऱ्या माणसाला मेल लिहून विनंती करावी लागे. १९८६ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमसनं लिस्टसर्व्ह लिहिलं आणि हे काम प्रोग्रॅमकडे गेलं. सदस्यानं स्वतःच आज्ञा पाठवायची: मला घ्या, मला काढा. म्हणजे यादी दुरुस्त करायची किल्ली ज्याचा पत्ता त्याच्या हातात आली. फक्त लिस्टसर्व्ह ओळखायचं ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून. सदस्यांनाच लिहू देणाऱ्या लिस्टवर घरच्या पत्त्यावरून नाव नोंदवलं आणि ऑफिसमधून उत्तर दिलं, की 'तुम्ही सदस्य नाही'. यावर लोकांनी काढलेला तोडगा अस्सल इंजिनिअरी होता. दोन्ही पत्ते नोंदवायचे आणि एकावर 'नोमेल' लावायचं. त्या पत्त्यावरून बोलता येतं, पण मेल येत नाही.

आपल्या स्वतःच्या ॲड्रेस बुकात मात्र गाडी उलटी गेली. आउटलुकच्या कॉन्टॅक्टमध्ये ईमेलला तीन रकाने. ग्रुप, म्हणजे डिस्ट्रिब्युशन लिस्ट, बनवली की त्यात पत्त्याची प्रत जायची. मूळ कॉन्टॅक्ट बदलला तरी प्रत जुनीच. 'अपडेट नाऊ' दाबायचं लक्षात राहिलं तर ठीक. किल्ली पुन्हा पाठवणाऱ्याकडे, आणि सदस्याला पत्ताही नाही की आपला कुठला पत्ता कोणाच्या यादीत पडलाय.

तोवर पत्तेही भराभर वाढले. १९९६ मध्ये हॉटमेल आलं, २००४ मध्ये जीमेल. फुकटात खातं मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतो? दर नोकरीगणिक एक पत्ता मिळाला तो वेगळाच. आणि हे पत्ते मरतातही. नोकरी सुटली की ऑफिसचा पत्ता बंद होतो, किंवा त्यावरची मेल जुन्या साहेबाकडे वळवली जाते. 'नवीन नोकरी कशी आहे रे, इथला पगार सांग' ही मेल कोण वाचतंय, याचा विचार करा. त्याहून भयंकर म्हणजे २०१३ मध्ये याहूनं वर्षभर न वापरलेले आयडी नव्या लोकांना द्यायचं ठरवलं, आणि काही नव्या मालकांना जुन्या मालकांच्या खासगी मेल यायला लागल्या. पत्ता तोच, माणूस दुसरा! त्यावर उपाय म्हणून याहू आणि फेसबुकच्या लोकांनी २०१४ मध्ये आरएफसी ७२९३ लिहिलं. त्यात पाठवणारा सांगू शकतो, की हा पत्ता अमुक तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच मेल दे.

खरं उत्तर तसं जुनं होतं. १९८८ च्या एक्स.५०० डिरेक्टरीत आणि १९९३ पासून एलडॅपमध्ये माणसाची एक नोंद, त्या नोंदीखाली हवे तितके पत्ते, आणि ग्रुपमध्ये नोंदीचं नाव, अशी सोय होती. पण ती राहिली मोठ्या कंपन्यांच्या आणि विद्यापीठांच्या सर्व्हरवर. २०११ च्या व्हीकार्ड ४ मध्ये ग्रुपचं कार्ड आलं: सदस्य म्हणून दुसऱ्या कार्डाचा ओळखक्रमांक द्यायचा, आणि प्रत्येक पत्त्याला १ ते १०० असा पसंतीक्रम. मग २०१५ मध्ये ग्नू मेलमन ३ आलं. त्यात माणूस, पत्ता आणि सदस्यत्व या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस आपल्या खात्याखाली सगळे पत्ते नोंदवतो आणि पसंतीचा एक ठरवतो. तो बदलला, की त्या पसंतीवर घेतलेली सगळी सदस्यत्वं आपोआप नव्या पत्त्यावर जातात. लिस्टसर्व्हनं दिलेली किल्ली पूर्ण व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

तुम्ही म्हणाल, आता काय, सगळे व्हॉट्सॲपवर. पण तिथेही सदस्य म्हणजे एक फोन नंबरच, आणि दोन सिमवाले लोक आपल्यात कमी नाहीत.

आपल्यापुरतं करता येण्यासारखं साधं आहे. एका माणसाचे सगळे पत्ते एकाच कॉन्टॅक्टखाली आणा, दोन नोंदी ठेवू नका. ज्या पत्त्यावरची नोकरी संपली तो तिथून लगेच काढा. आणि ग्रुपमध्ये कुठला पत्ता घालायचा हे स्वतःच ठरवण्याआधी एक ओळ पाठवून विचारा. ज्याची डाक, त्यानं पेटी निवडावी.